रविवारी आवळलेले नट

सगळे तिला वहिनी म्हणत. सुटे भाग पोचवणारा टेम्पोवाला म्हणे, शेजारचा वेल्डर म्हणे, आणि तिच्याहून वीस वर्षांनी मोठी असलेली गिऱ्हाइकंसुद्धा खिडकीतून डोकं बाहेर काढून ‘वहिनी, जरा बघता का’ म्हणत गाडी आत घेत. गॅरेज तिचं स्वतःचं होतं. दोन गाड्या जेमतेम मावतील एवढी शेड, एक लिफ्ट, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पाने आणि कोपऱ्यात एक बेसिन, ज्याच्या कडेवर चहाचे कप ठेवायला तिने सगळ्यांना सक्त मनाई केली होती. ब्रेकच्या कामात तर तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. लांबून गाडी येताना ऐकली तरी ती सांगायची, ‘पुढचा डावा पॅड संपत आलाय, अजून आठवडाभर चालेल, पण चालवू नका.’

फक्त एका माणसाची गाडी त्या शेडमध्ये कधी आली नव्हती. तिच्या सासऱ्यांची.

सासरे वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. आडनाव भलतंच, पण आयुष्यभर दुकानदारांच्या काट्यांच्या मागे लागल्यामुळे लोकांनी त्यांना काटेसाहेब करून टाकलं होतं, आणि निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी ते नाव काही त्यांना सोडत नव्हतं. सुनेशी ते कधी वाकडं बोलले नाहीत. तिच्या कामाचं चारचौघांत कौतुकही करायचे. पण गाडीचं काही निघालं, की गपचूप गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गॅरेजात जायचे. विचारलं तर म्हणायचे, “तुला काय कमी कामं आहेत? त्यात आणखी माझं कशाला?”

वहिनी काय ते समजून जायची. नवऱ्याला एकदा म्हणाली होती, “बाबांना वाटतं, बाईमाणसाने गाडी खोलली तर आतून लोणीच निघेल.” नवरा हसला आणि विषय संपला.

त्यामुळे एका मंगळवारी सकाळी सासऱ्यांची करडी गाडी शेडच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा वहिनीच्या हातातला पाना हातातच राहिला.

सासरे उतरले. शर्ट खोचलेला, खिशाला पेन. शेडच्या छताकडे, लिफ्टकडे, भिंतीवरच्या पान्यांकडे त्यांनी तपासणीला आल्यासारखं पाहिलं.

“ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं,” ते म्हणाले. “दोन ठिकाणी दाखवून झालं. दोघांनीही डिस्क बदलल्या, पॅड बदलले. महिना दीड महिना बरं चालतं, की पुन्हा आपलं तेच.”

“हळू असताना थरथरतं की जोरात?”

“जोरात असताना. उतारावर जास्त.”

“आणि पाय? पायाखाली पेडल उड्या मारल्यासारखं होतं का?”

“होतं,” सासरे म्हणाले, आणि मग आवाज थोडा खाली आणून, “परवा तुझ्या सासूबाईंनी उतारावर डोळेच मिटून घेतले. म्हणाल्या, तुम्ही सुनेला दाखवणार नसाल तर मी यापुढे बसने जाणार.”

तर असं होतं. वहिनीने हसू दाबलं, किल्ली घेतली आणि गाडी बाहेर काढून एक चक्कर मारून आली. थरथर होती खरी. चांगली कोपरापर्यंत जाणवणारी. मागच्या चाकांत दोष असता तर तो सीटखाली कळला असता. हा हातात कळत होता, म्हणजे पुढचा.

तिने गाडी लिफ्टवर घेतली, पुढची चाकं काढली. चाकामागे जी लोखंडी जाड चकती फिरते ती डिस्क, आणि ब्रेक मारल्यावर दोन्ही बाजूंनी तिला चिमटीत धरतात ते पॅड. पॅड जवळजवळ नवेच होते. डिस्कही दिसायला आरशासारखी. दुसरा कुणी असता तर इथेच गोंधळला असता. वहिनीने चुंबकाच्या पायावर बसवलेली घड्याळासारखी डायल आणली, तिची सुई डिस्कला टेकवली आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. सुई पुढे गेली, मागे आली, पुढे गेली.

“बघा बाबा. ही डुलतेय.”

सासरे डोळे बारीक करून पुढे झाले. डायल पाहताच त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच घरच्यासारखा भाव आला. “एक घर म्हणजे किती?”

“मिलिमीटरचा शंभरावा भाग.”

“म्हणजे ही बारा घरं डुलते.”

“पाचपर्यंत चालतं. बारा म्हणजे फार झालं. डिस्क अशी डुलत फिरली की पॅड तिला एकाच जागी सारखा घासत राहतो. ती जागा पातळ होते. मग ब्रेक दाबला की जाड-पातळ, जाड-पातळ, आणि तेच तुमच्या हातात येतं.”

डिस्क काढल्यावर मागे गंजाची पापुद्र्यासारखी खपली निघाली. जिच्यावर डिस्क बसते ती हबची पाठ कुणी साफच केली नव्हती. वहिनीला वाटलं, सापडला चोर. तारेच्या ब्रशने तिने ती पाठ लखलखीत केली, नव्या डिस्क बसवल्या, पुन्हा डायल लावली. सुई दोन घरांपलीकडे हलेना. शेवटी चाक चढवून समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले आणि टॉर्क पान्याने अखेरचा जोर दिला. हा पाना लांब दांड्याचा. ठरवलेला जोर झाला की आतून टक् करतो, म्हणजे बस झालं.

सासरे गाडी घेऊन गेले. संध्याकाळी फोन आला. “लोण्यासारखी थांबते,” ते म्हणाले. वहिनीने नवऱ्याकडे असं पाहिलं, की तो पुढचे दोन दिवस नुसता मान डोलावत होता.

दीड महिना गेला.

सासूबाई एका दुपारी गॅरेजात आल्या. भाजीची पिशवी बाकावर ठेवली, पदराने वारा घेतला आणि नुसत्या बसून राहिल्या. त्या बसून राहिल्या म्हणजे काहीतरी आहे, हे वहिनीला ठाऊक होतं.

“काय झालं आई?”

“काही नाही गं.” मग थोड्या वेळाने, “मी आजकाल बसने येते.”

वहिनीने हातातलं काम सोडलं. “पुन्हा थरथरते?”

“आठवडा झाला. ते म्हणाले, पोरीला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल. म्हणून मी सांगितलेलं नाही. मी फक्त बसने आलेय.”

त्या रात्री जेवताना वहिनीचं लक्ष नव्हतं. तिने मनातल्या मनात सगळं काम पुन्हा करून पाहिलं. हब साफ केला होता. डिस्क डायलवर मापली होती. डिस्क खराब निघाली म्हणावं, तर दोन्ही बाजूंच्या? आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेल्या? तीन माणसं, तीन वेळा, आणि दर वेळी तोच महिना-दीड महिना. चूक करणाऱ्यांत एक माणूस मात्र तिन्ही वेळा असला पाहिजे. तो कोण, हे तिला काही केल्या सुचेना.

रविवारी सकाळी नवऱ्याचा लहानपणीचा एक फोटो हवा होता, म्हणून ती सासरी गेली. फोटो हे निमित्त. गाडीखाली जरा डोकावून यायचा तिचा बेत होता. फाटक उघडंच होतं. ती आत आली आणि जागच्या जागी थांबली.

सासरे गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. हातात चाकाचा पाना. पान्याच्या दांड्यावर त्यांनी हातभर लांबीचा लोखंडी पाइप चढवला होता, जोर जास्त मिळावा म्हणून. एक नट त्यांनी धरला, उठले, पाइपवर दोन्ही हात टेकले आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. नट करकरला. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. गोल, ओळीने. तिसऱ्याला जोर कमी पडला म्हणून त्यांनी पाइपवर पायही दिला.

तिन्ही वेळा हजर असलेला माणूस तिच्यासमोर घाम पुसत होता.

“बाबा,” ती शेवटी म्हणाली.

सासरे एकदम सरळ झाले. पाइप त्यांनी पाठीमागे घेतला. सत्तरीला टेकलेल्या माणसाने पाठीमागे पाइप लपवावा, हे पाहून तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

“हे कधीपासून करता?”

“काय? हे?” त्यांनी चाकाकडे पाहिलं. “दर रविवारी. नट सैल होतात ना.”

“नाही होत हो. मी लावले होते ते वर्षभर नसते हलले.” तिने आवाज शक्य तितका मऊ ठेवला. “बाबा, इतक्या जोराने आवळले, आणि एक जास्त, एक कमी, असे आवळले, की आतली डिस्क एका बाजूला ओढली जाते. नखाएवढीही नाही, पण ओढली जाते. मग डुलते. मग...”

“मग पातळ होते,” सासरे म्हणाले. ते हुशार होते. पुढचं सांगावं लागलं नाही. पायरीवर ते हळूच बसले आणि पाइप गुडघ्यांवर आडवा ठेवला. “म्हणजे हे मी केलं.”

“तुम्ही काळजी घेत होता.”

“मी काय घेत होतो ते मला माहीत आहे.” घरात सासूबाईंच्या भांड्यांचा आवाज येत होता. मग ते खालच्या सुरात बोलू लागले.

“तुझा नवरा तेव्हा तीन वर्षांचा होता. लग्नाला निघालो होतो, हिच्या बहिणीच्या. वाटेत पंक्चर. चौकातल्या पंक्चरवाल्याने टायर काढला, ठिगळ लावलं, चाक परत चढवलं. त्याच्याकडे गर्दी होती. नट त्याने बोटांनी फिरवून ठेवले आणि पाना घ्यायला वळला. मी म्हटलं, ‘तू दुसरी गाडी बघ, आवळायचं मी बघतो.’ पाना मी घेतला. तेवढ्यात हिने हाक मारली, की उशीर होतोय, मुहूर्त टळेल. आमचं तिथेच वाजलं. मी पाना त्याच्या पेटीत टाकला, रागाने गाडीत बसलो आणि निघालो.”

वहिनी त्यांच्याशेजारी पायरीवर बसली.

“दोन मैलांवर चाक निघालं. आमच्या पुढे पळत गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. गाडी शेतात गेली. कुणाला खरचटलंही नाही, हे नशीब. हिच्या मांडीवर पोर होतं आणि ते हसत होतं. त्याला वाटलं, खेळ आहे.” त्यांनी चष्मा काढला. “मी परत गेलो. चौकात, सगळ्यांसमोर, त्या पंक्चरवाल्याला नाही नाही ते बोललो. म्हटलं, नट आवळायचेही कळत नाहीत तुला. तो हात जोडून उभा. आणि मला ठाऊक होतं गं. बोलत असतानाच ठाऊक होतं.”

“आईंना?”

“तिला वाटतं त्यानेच केलं. आजतागायत त्या चौकातून जाताना ती तोंड फिरवते.” त्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. “लोकांची वजनं तोळ्या-तोळ्याने तपासली मी, आणि स्वतःचं हे खोटं झाकून ठेवलं. म्हणून तर तुझ्याकडे गाडी आणत नव्हतो. परका माणूस चाक काढतो आणि गप्प बसतो. तू विचारलं असतंस, हे इतके घट्ट कुणी केले म्हणून.”

दीड महिन्यापूर्वी त्या मंगळवारी चाक काढताना नट खरंच घट्ट होते. पान्याला लांब दांडा लावून तिने ते सोडवले होते आणि आधीच्या गॅरेजवाल्यांना मनात शिव्या घातल्या होत्या. हे तिने सांगितलं नाही. तिने पाइप त्यांच्या गुडघ्यांवरून उचलून घेतला.

“उद्या गाडी आणा,” ती म्हणाली. “तुम्हाला एक पाना दाखवते.”

सोमवारी सासरे वेळेच्या आधी हजर झाले. वहिनीने पुन्हा डायल लावली. सुई अकरा घरं गेली. पण या वेळी डिस्क फेकून द्यायची गरज नव्हती. तिने ती लेथवर चढवून दोन्ही बाजूंनी केसभर तासली, पॅडवरची चकाकी घासून काढली आणि सगळं परत बसवलं. मग टॉर्क पाना सासऱ्यांच्या हातात दिला. “आता तुम्ही. समोरासमोरचे. टक् वाजलं की हात काढायचा. एक बोटही पुढे नाही.”

सासऱ्यांनी पाना हातात घेतला, उलटा केला, त्यावरचे आकडे पाहिले आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“याची शेवटची तपासणी कधी झाली?”

“कशाची?”

“या पान्याची. हे मापच आहे ना? मग कुणीतरी तपासलं असेल.”

पाना तिने गॅरेज उघडलं तेव्हा घेतला होता. तो खरा किती जोराला टक् करतो, हे नऊ वर्षांत तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

सासरे गाडीच्या डिकीतून एक कापडी पिशवी घेऊन आले. आत स्प्रिंगचा ताणकाटा होता, त्यांच्या नोकरीतला, पितळेचा, मऊ फडक्यात गुंडाळलेला. त्यांनी पाना शिकंज्यात आडवा अडकवला, दांड्यावर अर्ध्या मीटरची खूण केली, तिथे काट्याचा आकडा अडकवला आणि ताणत नेला. पाना ज्या जोराला लावला होता त्या हिशोबाने साडेबावीस किलोच्या आसपास टक् वाजायला हवं होतं. वाजलं ते पंचवीसला. त्यांनी तीनदा केलं. तीनदा तेच.

“दहा टक्क्यांहून जास्त,” ते म्हणाले. जुन्या सवयीने त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. “एवढ्यावर मी दुकानाला टाळं लावत असे.”

“लावा,” वहिनी म्हणाली. तिचे कान तापले होते. दहा टक्क्यांनी डिस्क वाकत नाही, हे खरं होतं. पण आपल्याला माहीतच नव्हतं, हेही तेवढंच खरं होतं.

“टाळं कसलं. स्क्रू कुठे आहे याचा?” सासरे म्हणाले, आणि दोघं बाकावर डोकी एकत्र करून बसले. तासाभरात पाना खरं बोलू लागला. मग सासऱ्यांनी एकेक करून सगळे नट स्वतः आवळले. प्रत्येक वेळी टक् वाजलं की ते थोडे दचकायचे, आणि शेवटी त्यांचा हात आणखी थोडा पुढे जायला निघाला तेव्हा त्यांनी तो स्वतःच काढून घेतला.

“मी हिला सांगणार आहे,” ते हात पुसत म्हणाले.

वहिनीने पाना पुसून भिंतीवर टांगला.

त्यांनी सांगितलं त्याच संध्याकाळी. सासूबाई दीड दिवस एक अक्षर बोलल्या नाहीत. आईबाबांकडे गेलेल्या नवऱ्याने फोन करून वहिनीला विचारलं, “घरात काय झालंय? आईने चहा दिला, पण कप असा ठेवला की सांडला.” बुधवारी दुपारी सासूबाईंचा फोन आला. “त्या चौकात जायचंय. गाडी तू चालव,” एवढंच त्या म्हणाल्या. “त्यांच्या शेजारी मी नाही बसणार. मागे बसेन.”

चौकापर्यंत पाऊण तास लागला. वाटेत तो लांब उतार होता. वहिनीने ब्रेकवर पाय ठेवला; स्टिअरिंग स्थिर, पेडल स्थिर, गाडी वेगातून सावकाश उतरत गेली. मागून सासूबाई म्हणाल्या, “हं.” त्यांच्याकडून हे फार होतं.

पंक्चरवाला होता. खूप म्हातारा झाला होता. दुकान आता त्याची मुलगी बघत होती आणि तो बाहेर लोखंडी खुर्चीवर बसून तिने ठेवलेल्या ट्यूबा पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे शोधत होता. सासरे त्याच्यासमोर उभे राहिले. बसायला दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून उभ्यानेच बोलले. आडवळण घेतलं नाही. कोणतं वर्ष, कोणती गाडी, कोण काय म्हणालं, पाना कुणाच्या हातात होता, सगळं सांगितलं.

म्हातारा ऐकत राहिला. हातातली ट्यूब पाण्यातच राहिली.

“पाना तुम्ही घेतला होता?” त्याने विचारलं.

“मी घेतला होता.”

“मला आठवतच नव्हतं हो. त्या दिवशी अकरा गाड्या होत्या. तुम्ही बोललात, तर मला वाटलं, झालं असेल माझ्याकडूनच.” तो मुलीकडे वळला. “ऐकलंस का गं? ते माझ्याकडून नव्हतं.”

मुलगी हातातला टायर टेकवून सासऱ्यांकडे पाहत होती. तिची नजर काही मऊ नव्हती. “त्यानंतर वर्षभर बाबा कुणाच्या गाडीला हात लावायला घाबरायचे,” ती म्हणाली. “आई करायची सगळं. मी लहान होते, पण मला आठवतं.”

सासरे म्हणाले, “हो.”

मग सासूबाई पुढे झाल्या. इतकी वर्षं ज्या दुकानावरून तोंड फिरवलं, त्याच्या दारात त्या म्हाताऱ्यासमोर वाकून बसल्या आणि म्हणाल्या, “मीही तुम्हाला मनातून फार बोलले हो. गाडीतून येता-जाता.”

“ते ऐकू नाही आलं,” म्हातारा म्हणाला, आणि दात नसलेल्या तोंडाने हसला.

मुलीने आतून स्टूल आणलं. सासऱ्यांसाठी नाही, सासूबाईंसाठी. पण थोड्या वेळाने चहा आला तो चारही जणांना आला. म्हातारा पुन्हा ट्यूब पाण्यात फिरवू लागला, आणि सासरे टबाशी उकिडवे बसून त्याच्याबरोबर बुडबुडे शोधू लागले. “इथे,” ते एकदा म्हणाले. म्हाताऱ्याने वाकून पाहिलं, मान हलवली आणि तिथे खडूने खूण केली.

परतताना सासूबाई पुढे बसल्या, वहिनीच्या शेजारी. मागे सासऱ्यांना झोप लागली. चौक मागे पडल्यावर सासूबाईंनी बहिणीच्या लग्नाची गोष्ट सुरू केली, ज्यात त्या अखेर बैलगाडीने आणि सगळं आटोपल्यावर पोचल्या होत्या, आणि घर येईपर्यंत त्या बोलतच होत्या.